ऑपरेशनची उपकरणं पुन्हा वापरण्याआधी कशी स्वच्छ होतात? आणि गडबड नेमकी कुठे होते?

पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, हर्निया, कुटुंबनियोजन. यातली बरीच ऑपरेशन्स आता तालुक्याच्या गावातही दुर्बिणीतून होतात. पोटावर तीन-चार छोटी छिद्रं, एक-दोन दिवसांत घरी. ऑपरेशनआधी नातेवाईक डॉक्टरांना खर्च विचारतात, टाके किती पडतील विचारतात, कामावर कधी जाता येईल तेही विचारतात. एक प्रश्न मात्र जवळपास कोणीच विचारत नाही: पोटात जाणारं हे उपकरण काल दुसऱ्या कोणाच्या पोटात होतं, त्यानंतर त्याचं काय केलं गेलं?

हा प्रश्न घाबरवण्यासाठी नाही. कात्री, चिमटे, दुर्बीण, ड्रिल ही उपकरणं पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेली असतात. ती प्रत्येक वेळी फेकून दिली तर ऑपरेशन कोणालाच परवडणार नाही. नीट स्वच्छ केलेलं, तपासलेलं आणि निर्जंतुक केलेलं उपकरण शंभराव्या रुग्णासाठीही सुरक्षित असतं. प्रश्न या वाक्यातल्या 'नीट' या शब्दाचा आहे.

ब्राझीलमध्ये काय घडलं होतं?

ऑगस्ट २००६ ते जुलै २००७ या वर्षभरात ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो राज्यात एक विचित्र साथ आली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या रुग्णांच्या जखमा भरून येत नव्हत्या. छिद्रांच्या जागी गाठी येत होत्या, त्यातून पू वाहत होता आणि नेहमीच्या अँटिबायोटिक्सचा उपयोग होत नव्हता.

तपासात १,०५१ संभाव्य रुग्ण सापडले. त्यातल्या १९७ जणांच्या नमुन्यांत जंतू वाढवून खात्री करता आली. रुग्णालयं होती तब्बल ६३. म्हणजे हा एखाद्या निष्काळजी डॉक्टरचा किंवा एखाद्या गलिच्छ ऑपरेशन थिएटरचा प्रश्न नव्हता.

दोषी जंतू निघाला मायकोबॅक्टेरियम गटातला. क्षयरोगाचा जंतू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा, पण क्षयाचा नव्हे. असे जंतू माती आणि पाण्यात सहज आढळतात. नळाच्या पाण्यातही असतात. एरवी ते निरोगी माणसाला काही करत नाहीत, पण उपकरणावर बसून पोटाच्या भिंतीत गेले तर महिनोन्‌महिने त्रास देतात.

त्या काळी अनेक रुग्णालयं दुर्बिणीची उपकरणं ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनाच्या २ टक्के द्रावणात बुडवून ठेवत आणि मग वापरत. साथीतला जंतू या द्रावणाला दाद देत नव्हता, असं प्रयोगशाळेत दिसलं. पुढे २००९ मध्ये ब्राझीलच्या आरोग्य नियामक संस्थेने, म्हणजे अन्विसाने, अशा ऑपरेशन्सची उपकरणं द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्यावर बंदी घातली.

ही गोष्ट महाराष्ट्रात बसून वाचण्याचं कारण म्हणजे ग्लुटाराल्डिहाइडचा ट्रे भारतातल्या छोट्या-मध्यम रुग्णालयांनाही चांगलाच परिचयाचा आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर छिद्रांच्या जागी याच कुळातल्या जंतूंचा संसर्ग झाल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय नियतकालिकांमध्ये अनेक वर्षांपासून येत आहेत.

धुणं वेगळं, निर्जंतुक करणं वेगळं

सर्वसामान्य समज असा असतो की उपकरण 'मशीनमध्ये टाकलं' की झालं. प्रत्यक्षात मशीन ही शेवटच्या पायऱ्यांपैकी एक आहे.

वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, म्हणजे ऑटोक्लेव्ह, प्रेशर कुकरच्याच तत्त्वावर चालतं. दाब वाढला की वाफेचं तापमान १०० अंशांच्या वर जातं. साधारण १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसची वाफ ठरलेला वेळ उपकरणाला लागली की जंतू आणि त्यांचे चिवट बीजाणूही मरतात. अट एकच, वाफ उपकरणाच्या पृष्ठभागापर्यंत पोचली पाहिजे.

आता खरकटं भांडं न घासता कुकरमध्ये ठेवून तीन शिट्ट्या घेतल्या तर काय होईल? खरकटं जाणार नाही, उलट घट्ट चिकटेल. उपकरणावर रक्त, चरबी किंवा पेशींचा थर राहिला तर तेच होतं. त्या थराखालचे जंतू वाचू शकतात. रसायनाच्या बाबतीत तर परिस्थिती आणखी वाईट, कारण काही रसायनं रक्तातली प्रथिनं उपकरणावर पक्की बसवतात. म्हणून या क्षेत्रातला पहिला नियम असा आहे: जे स्वच्छ झालेलं नाही, ते निर्जंतुक होऊ शकत नाही.

ही साखळी साधारण अशी असते:

१. ऑपरेशन टेबलवरच सुरुवात: उपकरण पुसलं जातं आणि ओलसर ठेवलं जातं. रक्त वाळलं की ते काढणं कठीण होतं. सलाइनमध्ये बुडवून ठेवणंही चूक, कारण मिठाच्या पाण्याने स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि पुढे त्याच खड्ड्यांत घाण साठते.

२. उपकरण सुटं करणं: जोडलेले भाग वेगळे करावे लागतात. कात्रीचा सांधा उघडावा लागतो. दुर्बिणीच्या उपकरणांची मूठ, दांडा आणि टोक वेगळं करावं लागतं.

३. घासणं आणि धुणं: प्रथिनं विरघळवणारं एन्झाइमयुक्त द्रावण, योग्य मापाचे ब्रश आणि पोकळ नळ्यांमधून दाबाने पाणी सोडणं. ब्रश पाण्याखाली चालवायचा, नाहीतर दूषित तुषार घासणाऱ्याच्या तोंडावर उडतात. मोठ्या रुग्णालयांत यासाठी अल्ट्रासॉनिक टाकी आणि धुण्याची यंत्रंही असतात.

४. शुद्ध पाण्याने शेवटचं खळबळणं आणि कोरडं करणं: ओलावा राहिला तर जंतू पुन्हा वाढतात.

५. तपासणी: भिंग लावलेल्या दिव्याखाली प्रत्येक उपकरण पाहायचं. दात्यांमध्ये डाग आहे का, सांधा घट्ट आहे का, कात्री कापते का, टोकं जुळतात का.

६. पॅकिंग, निर्जंतुकीकरण, साठवण: यंत्रात टाकणं इथे येतं. त्यानंतर पॅक कोरडं आणि न फाटलेलं राहील अशी साठवण.

मोठ्या रुग्णालयात हे सगळं एका स्वतंत्र विभागात होतं, त्याला सीएसएसडी म्हणतात. तिथे दूषित उपकरणं एका बाजूने येतात आणि निर्जंतुक होऊन दुसऱ्या बाजूने जातात, वाटा एकमेकींना छेदत नाहीत. दहा-पंधरा खाटांच्या रुग्णालयात मात्र अनेकदा एक बेसिन, एक ऑटोक्लेव्ह आणि एक सिस्टर किंवा मावशी एवढाच 'विभाग' असतो.

तपासणी म्हणजे फक्त डाग शोधणं नाही

पाचवी पायरी सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. कारण तिला यंत्र नाही, वेळ आणि डोळे लागतात.

तिचं महत्त्व समजायला एक उदाहरण पुरेसं आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेवर चालणारी लांब उपकरणं वापरतात. त्यांच्या दांड्यावर वीज बाहेर जाऊ नये म्हणून आवरण असतं. वारंवार वापराने, धुण्याने आणि उष्णतेने या आवरणाला केसाएवढी चीर पडू शकते. तेवढ्या चिरेतून वीज बाहेर पडली तर शेजारचं आतडं भाजतं. सर्जनला ते दिसतही नाही, कारण कॅमेऱ्याची नजर टोकावर असते. आतड्याला भोक पडल्याचं काही दिवसांनी पोटात जंतुसंसर्ग पसरल्यावर कळतं. ही चीर पकडण्यासाठी आवरण तपासणारं छोटं यंत्र मिळतं, पण ते प्रत्येक वेळी फिरवलं तरच त्याचा उपयोग.

पोकळ उपकरणांचं दुखणं वेगळं. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या नळीच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आता नळीत घालायचे बारीक कॅमेरे मिळतात. उरलेली प्रथिनं किंवा पेशींचे अंश रंग बदलून किंवा आकड्यात दाखवणाऱ्या झटपट चाचण्याही आहेत.

आणखी एक गैरसमज पॅकवरच्या पट्टीचा. ऑटोक्लेव्हमधून आलेल्या पॅकवरच्या टेपवर काळ्या रेषा उमटलेल्या असतात. अनेकांना वाटतं, रेषा काळ्या झाल्या म्हणजे आतलं सगळं निर्जंतुक. त्या रेषा फक्त एवढंच सांगतात की हे पॅक उष्णतेतून गेलं आहे. आतपर्यंत वाफ पुरेसा वेळ पोचली का, हे पाहायला पॅकच्या आत वेगळी रासायनिक पट्टी ठेवावी लागते. यंत्र खरोखर जंतू मारतं का, याची खात्री जिवंत बीजाणू असलेल्या चाचणीने होते. ठरावीक दिवसांनी ही चाचणी यंत्रात ठेवतात आणि नंतर बीजाणू वाढतात का ते पाहतात. वाढले, तर यंत्र बंद ठेवावं लागतं आणि आधीची पॅक परत मागवावी लागतात.

मग द्रावणात बुडवलेलं चालत नाही का?

याचं उत्तर उपकरण शरीरात कुठे जातं यावर अवलंबून आहे. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी गेल्या शतकात मांडलेली विभागणी जगभर आजही वापरली जाते. रक्तात किंवा पोटाच्या पोकळीसारख्या निर्जंतुक भागात जाणारं उपकरण पूर्ण निर्जंतुक हवं. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या आतल्या अस्तराला लागणाऱ्या उपकरणासाठी किमान उच्च पातळीचं जंतुनाशन हवं. फक्त त्वचेला लागणाऱ्या, उदाहरणार्थ रक्तदाबाच्या पट्ट्यासाठी, साधी स्वच्छता पुरते.

'उच्च पातळीचं जंतुनाशन' आणि 'निर्जंतुक' यातला फरक कागदावर छोटा वाटतो. पहिल्यात बहुतेक जंतू मरतात, पण चिवट बीजाणू उरू शकतात. ग्लुटाराल्डिहाइडच्या बाबतीत हा फरक वेळेत मोजता येतो: उच्च पातळीच्या जंतुनाशनाला साधारण २० ते ४५ मिनिटं, पूर्ण निर्जंतुकीकरणाला सुमारे १० तास. दोन ऑपरेशन्सच्या मध्ये १० तास कोणाकडेच नसतात. त्यामुळे वीस मिनिटांची बुडी हाच रिवाज होतो. त्यानंतर उपकरणावरचं रसायन धुवायला साधं किंवा नुसतं उकळून ठेवलेलं पाणी वापरलं, तर पाण्यातले जंतू पुन्हा उपकरणावर येतात. द्रावण दिवसागणिक कमजोरही होतं आणि ते तपासायच्या पट्ट्या वापरल्या नाहीत तर कोणाला कळत नाही.

प्रश्न फक्त गरीब देशांचा आहे का?

नाही. अमेरिकेतलं एक प्रकरण याचा पुरावा आहे.

पित्तनलिकेतले खडे किंवा अडथळे काढण्यासाठी तोंडावाटे आत घालायची एक खास दुर्बीण असते, तिला ड्युओडेनोस्कोप म्हणतात. तिच्या टोकाला एक बारीक हलणारी पट्टी असते, ती आतली तार हवी तशी वळवते. याच पट्टीच्या मागे आणि आसपासच्या फटींत ब्रश नीट पोचत नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयाने जाहीर केलं की १७९ रुग्णांचा दूषित ड्युओडेनोस्कोपशी संबंध आलेला असू शकतो. तोपर्यंत ७ जणांना औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला होता आणि दोन मृत्यूंमध्ये त्या संसर्गाचा वाटा होता. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात याआधीच किमान ३२ रुग्णांना असा संसर्ग झाला होता. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये २०१२ मध्ये एकाच ड्युओडेनोस्कोपशी २२ रुग्णांचा संबंध सापडला होता.

धक्कादायक भाग पुढे आहे. काही रुग्णालयांत कर्मचाऱ्यांनी कंपनीने दिलेल्या सूचनांप्रमाणे दुर्बीण धुतली होती आणि तरीही जंतू उरले. म्हणजे चूक धुणाऱ्याची नव्हती, उपकरणाची रचनाच धुता येण्याजोगी नव्हती. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या अमेरिकी सिनेटच्या एका अहवालात २०१२ ते २०१५ या काळात जगभरात अशा किमान २५ घटना आणि किमान २५० बाधित रुग्णांची मोजदाद केली गेली. डिसेंबर २०१८ मध्ये ऑलिम्पस या कंपनीने संसर्गाबाबतचे आवश्यक अहवाल अमेरिकी यंत्रणेला वेळेत न दिल्याचा गुन्हा कबूल केला. दंड आणि जप्ती मिळून रक्कम होती साडेआठ कोटी डॉलर.

त्यानंतर धुण्याच्या सूचना कडक झाल्या. तरीही २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने दिलेल्या आकड्यांनुसार, नीट धुतलेल्या ड्युओडेनोस्कोपच्या नमुन्यांपैकी ५.४ टक्क्यांपर्यंत नमुन्यांत धोकादायक जंतू सापडले. अखेर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रशासनाने रुग्णालयांना टोकाचा भाग बदलता येणाऱ्या किंवा पूर्ण एकदाच वापरायच्या दुर्बिणींकडे वळायला सांगितलं.

सगळं एकदाच वापरून फेकून द्यायचं का?

ऐकायला हा उपाय सोपा वाटतो. ब्रिटनने तो एकदा करून पाहिला आहे. 'मॅड काऊ' रोगाशी जोडलेला मेंदूचा विकार प्रिऑन नावाच्या प्रथिनांमुळे होतो आणि ती नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला पुरून उरतात. टॉन्सिलच्या पेशींत ती असू शकतात म्हणून २००१ च्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशनसाठी एकदाच वापरायची उपकरणं आणली गेली. काही महिन्यांत ऑपरेशननंतरच्या रक्तस्रावाच्या तक्रारी वाढल्या. डिसेंबर २००१ मध्ये ती उपकरणं मागे घेऊन पुन्हा धुऊन वापरायची उपकरणं आणावी लागली.

त्यातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. संसर्गाचा धोका टाळताना दुसरा धोका तयार होऊ शकतो. शिवाय खर्च आणि जैववैद्यकीय कचरा वाढतो तो वेगळाच. ज्या उपकरणांची रचनाच धुता येण्याजोगी नाही, तिथे एकदाच वापराचा पर्याय योग्य. साध्या स्टीलच्या कात्री-चिमट्यासाठी पैसा धुण्या-तपासण्यावर खर्च करणं जास्त शहाणपणाचं.

खरा घोळ वेळेचा आणि संचांचा

एक साधं गणित करून पाहू. दुर्बिणीचा एक संच ऑपरेशननंतर सुटा करणं, घासणं, धुणं, सुकवणं, तपासणं आणि पॅक करणं याला पाऊण तास तरी लागतो असं धरू. ऑटोक्लेव्हचं पूर्ण चक्र, सुकणं आणि थंड होणं धरून आणखी तास-दीड तास. म्हणजे संच पुन्हा टेबलवर यायला किमान दोन तास. रुग्णालयाकडे दोन संच असतील आणि सकाळच्या यादीत सहा ऑपरेशन्स असतील, तर दोनच शक्यता उरतात. यादी संध्याकाळपर्यंत लांबेल किंवा एखादी पायरी गाळली जाईल.

हे गणित टोकाला गेलं तर काय होतं, याचं उदाहरण छत्तीसगडमध्ये आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या एका शिबिरात ८३ महिलांवर काही तासांत दुर्बिणीची नसबंदी केली गेली. त्या आठवड्यातल्या शिबिरांनंतर १३ महिलांचा मृत्यू झाला. कारण जंतुसंसर्ग की दिलेल्या औषधांतली भेसळ, यावर पुढे बराच वाद झाला. पण मृत्यूचं कारण बाजूला ठेवलं तरी उपकरणांचं गणित बोलकं आहे. एका दुर्बिणीला दर ऑपरेशननंतर नुसती २० मिनिटांची बुडी द्यायची म्हटलं, तरी ८३ ऑपरेशन्ससाठी २७ तासांहून जास्त वेळ लागतो. दुर्बिणी तीन असत्या तरी नऊ तासांच्या वर. यात ऑपरेशनचा वेळ धरलेलाच नाही. म्हणूनच सरकारी नियम तीन दुर्बिणी असताना दिवसाला जास्तीत जास्त ३० ऑपरेशन्सची मर्यादा घालत होते. देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये अशी नसबंदी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

शिबिरं हे टोकाचं उदाहरण, पण दबाव रोजचाच आहे. सर्जन एकाच दिवशी तीन रुग्णालयांत फिरतात आणि काही जण स्वतःची उपकरणं गाडीतून नेतात. हाडांच्या ऑपरेशनमध्ये प्लेट, स्क्रू आणि अवजारांचे संच वितरकाकडून ऐनवेळी येतात आणि काम झालं की पुढच्या रुग्णालयात जातात. आधीच्या ठिकाणी ते कसे धुतले गेले, हे नव्या ठिकाणच्या सिस्टरला माहीत नसतं. 'आत्ताच ऑटोक्लेव्ह करून द्या, सर निघालेत' असं म्हटल्यावर नाही म्हणण्याचा अधिकार तिला असतो का, हा रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

चूक झाली तर कळतं का?

बऱ्याचदा नाही. मायकोबॅक्टेरियमसारखा संसर्ग ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी डोकं वर काढतो. तोपर्यंत टाके सुकलेले असतात. गाठ आली की रुग्ण जवळच्या दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पू साधा समजून औषधं बदलली जातात किंवा क्षयाचे उपचार सुरू होतात, कारण साध्या तपासणीत दोन्ही जंतू सारखेच दिसू शकतात. योग्य निदान होईपर्यंत महिने जातात. ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं, तिथे ही बातमी पोचतच नाही. तिथल्या लोकांना प्रामाणिकपणे वाटत राहतं की आपल्याकडे संसर्ग होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ऑपरेशन झालेल्यांपैकी ११ टक्के रुग्णांना जखमेचा संसर्ग होतो. यातला प्रत्येक संसर्ग उपकरणांमुळे नसतो. रुग्णाच्या त्वचेवरचे जंतू, मधुमेह, ऑपरेशनचा प्रकार अशी अनेक कारणं असतात. पण कोणता संसर्ग कशामुळे झाला हे शोधायचं असेल, तर कोणत्या रुग्णाला कोणता संच, यंत्राच्या कोणत्या फेरीतला वापरला याची नोंद हवी. त्यासाठी फार महाग तंत्र लागत नाही. पॅकवरचं लेबल काढून रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवलं तरी काम होतं.

कायदा काय सांगतो?

भारतात संसर्ग रोखण्यासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्ये आली. सरकारी रुग्णालयांसाठी २०१५ पासून 'कायाकल्प' ही स्वच्छता आणि संसर्ग नियंत्रणाची पुरस्कार योजना आहे. खासगी रुग्णालयांसाठी एनएबीएच मानांकन आहे, पण ते ऐच्छिक आहे. वैद्यकीय उपकरणांचे २०१७ चे नियम प्रामुख्याने उत्पादन, आयात आणि विक्री यांच्यासाठी आहेत. विकल्यानंतर रुग्णालयात ते उपकरण रोज कसं धुतलं जातं, हा त्यांचा मुख्य विषय नाही. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली होते.

म्हणजे मार्गदर्शनाची उणीव नाही. कमी पडते ती खोलीत जाऊन पाहणारी नजर. नोंदणीच्या वेळी खाटा, जागा, अग्निसुरक्षा यांची कागदपत्रं दाखवता येतात. उपकरण धुण्याची जागा कशी आहे, बीजाणू चाचणीची वही भरली जाते का आणि संचांच्या संख्येच्या मानाने रोज ऑपरेशन्स किती होतात, हे मात्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही. संच किती आणि यादी किती, या एका तुलनेतून तपासनीसाला बरंच काही कळू शकतं.

रुग्ण आणि नातेवाईक काय विचारू शकतात?

ऑपरेशन आधीच ठरलेलं असेल, तर हे प्रश्न शांतपणे विचारता येतात:

• दुर्बिणीची उपकरणं वाफेने, प्लाझ्माने किंवा ईटीओ वायूने निर्जंतुक करता की द्रावणात बुडवून?

• ऑटोक्लेव्हची बीजाणू चाचणी नियमित होते का?

• त्या दिवशी आधी किती ऑपरेशन्स आहेत आणि उपकरणांचे संच किती?

• वापरलेल्या संचाची नोंद फाइलमध्ये होते का?

यात भांडण्यासारखं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीतच चीर देण्याआधी सिस्टरने उपकरणं निर्जंतुक असल्याची आणि आतली पट्टी पाहिल्याची खात्री मोठ्याने सांगायची असते. जे रुग्णालय हे रोज करतं, त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतील. तातडीच्या ऑपरेशनमध्ये मात्र असे प्रश्न विचारत वेळ घालवू नये, कारण तिथे उशीर हाच मोठा धोका असतो.

ऑपरेशननंतर तीन-चार आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनीही, छिद्राच्या जागी गाठ आली, पाणी किंवा पू येऊ लागला तर 'बाहेरून मलम लावू' म्हणून थांबू नका. ऑपरेशनचे कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. पू साध्या तपासणीबरोबरच मायकोबॅक्टेरियमच्या कल्चरसाठी पाठवायचा का, हे विचारा. आणि ऑपरेशन जिथे झालं त्या रुग्णालयालाही कळवा. तुमच्या कळवण्याने तिथली वही उघडली गेली, तर पुढच्या रुग्णाचा त्रास वाचू शकतो.